ङ ची फळी

ङ या अक्षराचा मला साठ-पासष्ट वर्षं काडीचा उपयोग झाला नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले. रोज सकाळी आम्ही क ख ग घ ङ असं ओरडून म्हणायचो आणि ङ आला की वर्गाला हसू फुटायचं, कारण तो म्हणताना तोंड वासून नाकातून हेल काढावा लागायचा. मी एकदा गुरुजींना विचारलं, ङ वरून शब्द कोणता? ते म्हणाले, "वाङ्मय." वाङ्मय म्हणजे काय, तर म्हणाले, "ते तुला लागणार नाही." खरंच लागलं नाही. चौथीनंतर गोठा, लग्न, पोरं आणि पुन्हा गोठा. त्यात ङ कुठे येणार?

पण त्या ङ ला शेवटी काम मिळालं. वेल्समध्ये, एका पुस्तकांच्या दुकानात.

मी सांगलीकडची. नवरा गेला तेव्हा मुलगा म्हणाला, आई, इकडे ये. तो बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात डॉक्टर. सून वॉटफर्डची, तिथेच जन्मलेली. तिचं मराठी मनापासूनचं आणि चुकीचं. "आई, तुमचा चहा थंड झाली," म्हणते. चहा थंड झालेला असतोच, तेव्हा मी दुरुस्त करत बसत नाही.

बर्मिंगहॅम बरं होतं. बसने गेलं की मेथी मिळायची, देवळात चार बायका भेटायच्या. कौन्सिलने म्हाताऱ्या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला होता, तिथे मी एबीसीडी शिकले. अक्षरं सगळी आली. मग एके दिवशी बाईंनी फळ्यावर 'नाइफ' लिहिलं आणि सुरुवातीला 'के' काढला. मी विचारलं, हा के कशाला? त्या म्हणाल्या, तो म्हणायचा नाही. "मग लिहायचा कशाला?" बाई हसल्या. पुढच्या आठवड्यापासून मी गेले नाही. घरात एखादा न बोलणारा पाहुणा मला चालतो, शब्दात न बोलणारं अक्षर चालत नाही.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली असतील, मुलाने वेल्समधल्या एका हॉस्पिटलात नोकरी घेतली. गाव समुद्राकाठचं. बर्मिंगहॅमहून निघालेली ट्रेन तिथे जाऊन संपते, कारण पुढे पाणीच आहे. मेथी नाही, देऊळ नाही. दोघं सकाळी कामावर गेली की घरात मी आणि हीटिंग. मी रोज समुद्रापर्यंत जायचे आणि तो आहे तिथेच आहे हे बघून परत यायचे.

एकदा वाऱ्याने छत्री उलटी केली म्हणून समोर दिसलं त्या दुकानात शिरले. आत पुस्तकं. कपाटांत पुस्तकं, खुर्चीवर पुस्तकं, जमिनीवर ढीग. काउंटरमागे माझ्याच वयाची एक बाई. तिच्या स्वेटरला दोन वेगळ्या रंगांची बटणं होती आणि तिने एक पुस्तक डोळ्यांसमोर न धरता कानाजवळ धरलं होतं, जसं काही ते ऐकायचंच आहे. मान न वळवता ती म्हणाली, "बोरे दा."

मला ऐकू आलं, बोरं द्या. मी चटकन म्हटलं, "नाहीत." मराठीतच.

"काय नाहीत?" तिने इंग्रजीत विचारलं.

बोरे दा म्हणजे त्यांच्या वेल्श भाषेत गुड मॉर्निंग, हे मला तेव्हा कळलं. यापुढे आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, तिचं सरळ, माझं मोडकं. इथे मी ते मराठीत लिहिते. इंग्रजीत लिहिलं तर माझंच हसं होईल.

तिने हातातलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "चष्मा दिसतोय तुझ्या नाकावर. यावर काय लिहिलंय वाच."

मी म्हटलं, मला इंग्रजी वाचता येत नाही. ती म्हणाली, "ते इंग्रजी नाहीच."

पातळसं पुस्तक होतं, दोनच शब्द. मी अक्षराला अक्षर लावून वाचलं, "हानेस बारा."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"तू कुणाची?"

"कुणाची म्हणजे? इंडियातली."

"इथे येणारे इंग्रज हे 'हेन्स' वाचतात. तू बरोबर वाचलंस. अर्थ माहीत आहे?"

"बारा म्हणजे ट्वेल्व्ह."

"बारा म्हणजे पाव," ती म्हणाली. "पावाचा इतिहास." आणि इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला.

तर अशी ओळख झाली. तिचं दुकान केल्टिक पुस्तकांचं. मी पाटीवर 'सेल्टिक' वाचलं तर अंगावर आली, "केल्टिक! क! आमचा सी म्हणजे नेहमी क." मला बरं वाटलं. एकदा क ठरला की क, हा माणूस विश्वासाचा. केल्टिक म्हणजे काय ते तिने मला नात्यागोत्यात समजावलं. वेल्श, कॉर्नवॉलची कॉर्निश आणि फ्रान्सच्या टोकाला बोलतात ती ब्रेटन, या सख्ख्या बहिणी. आयरिश आणि स्कॉटलंडची गेलिक या चुलत. या सगळ्यांची भाषेची, गाण्यांची, जुन्या चालीरीतींची, गावागावांच्या इतिहासाची पुस्तकं तिच्याकडे. तिचा सगळा जन्म त्यात गेला होता. आणि आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडले होते. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून ती पुस्तक कानाशी धरायची. अक्षरं तरीही लागायची नाहीत.

मी रोज जाऊ लागले. काम एकच, पुस्तकावरचं नाव मोठ्याने वाचायचं. मला एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता, तिला एक अक्षर दिसत नव्हतं. दोघींत मिळून एक धड वाचणारी बाई तयार व्हायची.

मुलाला हे कळलं तेव्हा जेवताना म्हणाला, "आई, हॉस्पिटलवाले मला वेल्श शिका म्हणून मागे लागलेत, मला जमेना. आणि तू?"

"तुझं डोकं शिकून शिकून भरलंय. माझ्यात जागा होती."

सून म्हणाली, "पण आई, इंग्लिश पहिला शिका ना. उपयोग होईल."

"इंग्रजी खोटारडी आहे," मी म्हटलं. "वेल्श जशी लिहितात तशी बोलतात."

अगदीच तसं नव्हतं. त्यांचा एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ, डब्ल्यू म्हणजे बऱ्याचदा ऊ. पण एकदा सांगितलं की तसंच. आणि दोन एल जोडून लिहिला की जिभेच्या कडेने हवा सोडायची. मांजर फिसकारतं तसा आवाज येतो. ते मला महिनाभर जमलं नाही. दुकानवाली माझी टिंगल करायची. मी म्हटलं, थांब, आता तू ळ म्हण. नारळ म्हण. ती म्हणाली, "नारल." मी म्हटलं, "माझी सूनही असंच म्हणते. बस आता गप्प." तिचा नाऊ म्हणजे आमचा नऊ, तिचा दांत म्हणजे आमचा दात. त्यावर मी फार विचार केला नाही. दात सगळ्यांनाच असतात.

मग एक दिवस ती नीट बोलेना. बिस्किटाचा डबाही पुढे केला नाही. मी विचारलं, काय झालं?

"मुलगी ईस्टरला येतेय. मला बेसिंगस्टोकला घेऊन जायचं म्हणते. दुकान बंद."

मुलगी तिची एकच, तिकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मागच्या वेळी आली तेव्हा एका गिऱ्हाईकाने पुस्तक मागितलं आणि आईला ते शोधायला इतका वेळ लागला की गिऱ्हाईक निघून गेलं. तेव्हाच मुलीने सांगितलं होतं, आई, पुढच्या वेळीही असंच दिसलं तर मी तुला इथे एकटी ठेवणार नाही.

"बेसिंगस्टोकला काय आहे?" मी विचारलं.

"राउंडअबाउट," ती म्हणाली. म्हणजे गाड्या फिरतात ते गोल चौक.

"आणखी?"

"आणखी राउंडअबाउट. आणि माझ्याशी वेल्श बोलणारं एक माणूस नाही. मुलगी बोलते, पण ती सकाळी जाते, संध्याकाळी येते."

मुलाच्या घरी दिवसभर हीटिंगचा आवाज ऐकत बसणं काय असतं ते मला ठाऊक होतं, पण ते सांगून तिची पुस्तकं सापडली नसती. मी म्हटलं, "मग तुला पुस्तकं सापडली पाहिजेत. बाकी सगळ्या गप्पा."

ती म्हणाली, आधी ढीग उचलायला हवेत. कपाटांत अक्षरांच्या क्रमाने लावायला हवं. तिला डोळ्यांच्या तपासणीला मोठ्या हॉस्पिटलात जायचं होतं, तिथून चार दिवस बहिणीकडे. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "अक्षरांच्या क्रमाने लाव. सुरुवातीचे आय, ओ, वाय असले चिल्लर शब्द सोड, पहिला मोठा शब्द धर. जमेल?"

मी म्हटलं, "अक्षरांचा क्रम मला न जमायला काय झालं?"

मी लावलं. पाठ मोडली, पण लावलं. दारापाशी अ आ इ. मग घशातली अक्षरं, क पासून. मग च, ट, त, प अशी एकेका वर्गाची कपाटं खिडकीपर्यंत आणि काउंटरमागे य र ल व पासून ळ पर्यंत. क वर्गाच्या तळाच्या फळीशी आले तेव्हा हातात एक जाड पुस्तक आलं. चिल्लर शब्द सोडला तर पहिला मोठा शब्द एन जी एच ने सुरू होत होता. मी तो वाचून बघितला. तोंड वासलं, नाकातून हेल काढला आणि तिथेच ढिगावर बसले. ङ! अख्ख्या जन्मात पहिल्यांदा ङ ने सुरू होणारा शब्द भेटला होता. अशी आणखी निघाली, आणि ती सगळी मी ङ च्या फळीवर लावली. गुरुजी हवे होते बघायला.

ती परत आली, कोट न काढता कपाटांपाशी गेली आणि बोटं फिरवू लागली. ए च्या जागी ए लागला, खूश झाली. पुढे बी असणार म्हणून एक पुस्तक ओढलं, माझ्यासमोर धरलं. "वाच."

मी वाचलं. क ने सुरू होत होतं.

दुसरं ओढलं. तोही क.

"बी कुठे आहे?"

"ब? ब खिडकीपाशी. प फ ब भ म."

"तू अक्षरांच्या क्रमाने लावते म्हणालीस!"

"मग? हाच क्रम आहे."

ती वेल्शमध्ये काहीतरी म्हणाली. अर्थ कळायची गरज नव्हती. मग इंग्रजीत म्हणाली, "तू माझ्या दुकानाचा सत्यानाश केलास. ईस्टर तोंडावर आहे आणि बी खिडकीत!"

खरं सांगायचं तर, आपला क्रम आणि त्यांचा क्रम वेगळा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एबीसीडी मी म्हणायला शिकले होते, पण ती मला नेहमी कुणीतरी पिशवीतून सांडल्यासारखी वाटायची. ए नंतर बी का, याला काही उत्तर नाही. लावायचं म्हटलं की माझा हात कखग वरच जाणार.

पण चूक झाली म्हणून मी ऐकून घेणारी नाही. मी म्हटलं, "ओरडू नको. बोट घशावर ठेव आणि म्हण, क."

"कशाला?"

"म्हण तर. कुठून निघाला?"

तिने बोट ठेवलं. "घशातून."

"म्हणून तो दारापाशी. आता त म्हण. जीभ कुठे लागली? दातांना. त पुढे गेला. प म्हण. ओठांवर आला की नाही? तो खिडकीपाशी. घसा म्हणजे दार, ओठ म्हणजे खिडकी. आत शिरलीस की बाहेर बघेपर्यंत सगळी अक्षरं होतात. तुला दिसत नाही ना? मग डोळ्यांनी शोधतेस कशाला, तोंडाने शोध."

ती उभ्या उभ्या ओठ हलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "कम्री." कम्री म्हणजे त्यांच्या भाषेत वेल्स. "गम्री," ती म्हणाली. मग तोंड वासून नाकातून, "ङ्हम्री." मग घसा खरवडून, "ख़म्री."

"हे चार देश आहेत?"

"एकच!" ती म्हणाली. "एकच शब्द आहे. आमच्या शब्दांची डोकी बदलतात. कम्री म्हणजे वेल्स, पण वेल्सबद्दल म्हटलं की गम्री. वेल्समध्ये म्हटलं की ङ्हम्री. आणि 'आणि वेल्स' म्हटलं की ख़म्री. ताद म्हणजे वडील, पण माझे वडील म्हटलं की न्हाद. इंग्रजी क्रमात ही भावंडं दुकानभर विखुरतात, एक सी त, एक जी त, एक एन मध्ये. तू ती कुठे ठेवलीस?"

"एकाच कपाटात," मी म्हटलं. "क ख ग घ ङ. त्यांची चूल एकच आहे."

शब्दाचं डोकं बदलतं याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरी एक, सासरी दुसरं. बाई तीच. पण ती सासरी गेली तरी गावकुसाबाहेर जात नाही, आपल्याच वर्गात राहते, हे मला वेल्श लोकांचं आवडलं.

त्या दिवसापासून आम्ही तालीम सुरू केली. मी गिऱ्हाईक व्हायचे आणि नाव सांगायचे. ती ते पुटपुटायची, जीभ कुठे लागते ते बघायची आणि सरळ त्या कपाटाशी जायची. मग फळीवर बोटं फिरवून जाडी, कापडी पुठ्ठा, कोपरा झिजलाय का, यावरून पुस्तक ओळखायची. पुस्तकं तिची होती, अंगाला हात लावला की तिला कळायचं. फक्त कुठे हात लावायचा ते ठरायला हवं होतं. ट ठ ड ढ ण चं कपाट रिकामं राहिलं, कारण ती त म्हणायची, ट नाही. तिथे आम्ही किटली आणि कप ठेवले. च वर्गही जवळजवळ रिकामा होता, त्यात आयरिश पुस्तकं भरली. आयरिशने मला इंग्रजीसारखाच दगा दिला. लिहायचं एक, बोलायचं तिसरंच. ती मी उंचीप्रमाणे लावली आणि हात झटकले.

मोठं भांडण झालं ते दोन एल वरून. ती म्हणायची, ल शेजारी ठेव. मी म्हणायचे, हे अक्षर बाहेरच्या माणसाला म्हणता येत नाही, म्हणजे ते ळ च्या रांगेतलं. ळ ची जागा शेवटी. ती म्हणाली, "आमच्या भाषेत पुस्तक हा शब्दच दोन एल ने सुरू होतो. तू पुस्तकालाच शेवटी बसवतेस?"

"शेवटी म्हणजे काउंटरमागे, तुझ्या पाठीशी. मानाची जागा आहे."

ते तिला पटलं.

ईस्टरच्या शनिवारी मुलगी आली. रविवारी दुकान बंद, म्हणून मी घरीच होते. सोमवारी सुट्टी, पण गावात पाहुणे येतात म्हणून दुकान उघडं ठेवायचं ठरलं होतं. मी गेले तर दारातच कळलं, काहीतरी बिनसलंय. मायलेकी समोरासमोर उभ्या. मुलगी चाळिशीची, नीटनेटकी, डोळे रडून लाल. टेबलावर पुस्तकांचा डोंगर.

झालं होतं ते असं. रविवारी आई चॅपलमध्ये प्रार्थनेला गेली तेव्हा मुलीने दुकान बघितलं आणि तिला वाटलं, आईने आंधळेपणाने पुस्तकं कुठेही कोंबलीत. मायेने, आईला मदत म्हणून, तिने दारापासूनची कपाटं एबीसीडीप्रमाणे लावली. खिडकीतला ब दारापाशी आणला, त्यापुढे सी, डी. ग आणि ङ उचलून टेबलावर टाकले. आईला सांगायचं राहून गेलं. सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी वेल्सबद्दलचं एक जुनं पुस्तक मागितलं. आई ऐटीत घशाच्या कपाटाकडे गेली, बोटं फिरवली, बरोब्बर तेवढ्याच जाडीचं कापडी पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. ते पाव कसे भाजायचे याचं होतं. गृहस्थ सभ्य. काही न बोलता पावाचं पुस्तक विकत घेऊन गेले.

"बघितलंस ना, माम?" मुलगी म्हणत होती. "मला भांडायचं नाही. पण तुला दिसत नाही, आणि तू ते कबूल करत नाहीस. मी सामान बांधायला घेते."

आणि आई, जी माझ्यावर दुकान डोक्यावर घेऊन ओरडायची, ती खाली मान घालून बोटं चोळत होती. तिला कपाटं बदललीत हे कळलंच नव्हतं. तिला वाटत होतं की आपली बोटंही गेली. मी टेबलाकडे बघितलं. सगळ्यात वर ङ चं ते जाड पुस्तक उताणं पडलं होतं.

मी मुलीला विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी. सगळं अस्ताव्यस्त होतं."

"अस्ताव्यस्त तुझा बाप," मी म्हटलं. हे मराठीत म्हटलं. मग इंग्रजीत म्हटलं, "तुझी आई चुकली नाही. तू घर हलवलंस आणि तिला रस्ता सांगितला नाहीस."

आईने मान वर केली. "कपाटं हलवली?"

"लावली, माम. क्रमाने."

"माझा क्रम होता!"

"कसला क्रम? सी नंतर जी, त्यानंतर एन जी?"

आता मलाच सांगावं लागलं. माझं इंग्रजी तेवढं लांब जात नाही. मी तिला म्हटलं, बोट घशावर ठेव. ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. तिच्या आईने तिला वेल्शमध्ये काहीतरी खडसावलं तेव्हा तिने बोट ठेवलं. मी म्हटलं, "तुझ्या देशाचं नाव घे. सगळी डोकी बदलून घे."

"कम्री," ती म्हणाली. "गम्री. ङ्हम्री." मग थांबली. बोट घशावरच होतं. "ख़म्री." तिने कपाटाकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा कपाटाकडे. "हे सगळं एकाच ठिकाणी होतं?"

"होतं," तिची आई म्हणाली. "काल तू माझी शाळा उधळलीस."

मी म्हटलं, आता बोलत बसू नका, गिऱ्हाईक येईल. माझे गुडघे दुखतात, हिला कामाला लाव. मग मी नाव वाचायचे, आई जागा सांगायची आणि मुलगी वाकून पुस्तक ठेवायची. ब पुन्हा खिडकीत गेला, द दातांपाशी गेला. मध्येच मुलगी म्हणाली, "आणि हे कपाट? यात किटली का आहे?" आई म्हणाली, "तो ट आहे." मुलगी हसायला लागली. रडून झाल्यावरचं हसू लवकर थांबत नाही.

पण ती सोडणारी नव्हती, आईच्याच वळणाची. पुस्तकं लागली तशी म्हणाली, "आता मी विचारते." आणि तिने सोपं विचारलं नाही. एकामागोमाग नावं घेतली, डोकी बदलून घेतली. आई पुटपुटायची, चालायची, काढायची. मी चष्मा लावून बघायचे आणि मान हलवायचे. ग चं आलं, प चं आलं, दोन एल चं तर वळूनही न बघता पाठीमागून काढलं. मग मुलीने एक आयरिश मागितलं. आईने बराच वेळ चाचपलं आणि स्कॉटलंडच्या माशांचं पुस्तक काढलं.

आम्ही तिघी त्या पुस्तकाकडे बघत राहिलो.

"आयरिश कुणालाच सापडत नाही," मी म्हटलं. "ते धरू नको."

मुलगी खुर्चीवर बसली. "आणि ही कोण आहे, माम?" तिने माझ्याकडे बोट केलं. एवढं कामाला लावून घेतल्यावर विचारलं.

"ही? हिला वेल्श येत नाही, पण ही ते माझ्यापेक्षा स्वच्छ वाचते."

"रोज येते?"

"रोज येते," मीच म्हटलं. "बिस्किटं खाते."

मुलीने लगेच हो म्हटलं नाही, आणि बरोबर केलं. आई म्हातारी होती, रस्ता ओलांडताना एकदा सायकलखाली येता येता वाचली होती. ते मुलीला ठाऊक होतं, मलाही होतं. शेवटी ठरलं की पुढच्या ईस्टरपर्यंत दुकान चालू. मुलगी दर रविवारी फोन करणार. आणि रस्ता ओलांडताना आईने माझा हात धरायचा. ही शेवटची अट दुकानवालीला फार झोंबली. ती म्हणाली, तुझा हात धरण्यापेक्षा बेसिंगस्टोक बरं. मी म्हटलं, जा मग. त्यावर तिने हात धरला.

जाण्याआधी मुलीने एक शहाणपणाचं काम केलं. म्हणाली, मी पुन्हा आले किंवा आणखी कुणी मदत करायला आलं तर असंच होईल. प्रत्येक कपाटावर खूण हवी, मोठी, कडेच्या नजरेला दिसेल अशी. ती खडू घेऊन आली आणि मला म्हणाली, "अक्षरं तुमची आहेत, तुम्हीच काढा." स्टुलावर चढवून मला दोघींनी खालून धरलं. मी क काढला, च काढला, त, प. शाळा सोडल्यापासून एवढं मोठं अक्षर मी काढलं नव्हतं. आणि तळाच्या फळीवर खाली बसून ङ काढला. सगळ्यांत मोठा.

आठवडाभराने मुलगा हॉस्पिटलातून मला न्यायला दुकानात आला, पहिल्यांदाच. दुकानवालीने त्याला "बोरे दा" म्हटलं, संध्याकाळ होती तरी, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. तो फिरून सगळं बघत होता. तळाच्या फळीपाशी वाकला आणि म्हणाला, "आई, हा ड आहे."

"ङ आहे तो."

"टिंब कुठे आहे?"

मी बघितलं. टिंब द्यायचंच राहिलं होतं. आठवडाभर एवढं गाव येऊन गेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांनी ङ ला स्वतःची फळी मिळाली आणि मी तिच्यावर दुसऱ्याचं नाव घातलं.

"मी चौथीपर्यंतच शिकलेय," मी म्हटलं. "तू डॉक्टर आहेस. माझे गुडघे दुखतात. दे टिंब."

त्याने बॅग खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि दिलं.